हळद, आलं आणि गळका हीटर

गाडीच्या काचेवर आतून धुकं साचतंय, पुसलं तर चिकट लागतंय, पुन्हा पाच मिनिटांत तेच. गाडीत कसलातरी गोडसर वास. शेजारच्या सीटखालचं कार्पेट ओलं. अमेरिकेतल्या कडाक्याच्या थंडीच्या मिनेसोटा राज्यातल्या जुन्या मेकॅनिकला एवढं फोनवर सांगा, तो बॉनेट न उघडताच निदान करील: हीटर कोअर गेला!

हीटर कोअर म्हणजे जाडजूड पुस्तकाएवढा छोटा रेडिएटर. इंजिनातलं गरम कूलंट त्यातून फिरतं, मागून पंखा हवा मारतो आणि उबदार झुळूक आत येते. जुन्या गाड्यांत तो तांब्या-पितळेचा असायचा, नंतर ॲल्युमिनियमचा आला. बसतो मात्र डॅशबोर्डच्या पोटात, आणि सगळी गंमत तिथेच सुरू होते.

ऊब फुकटची

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता कूलंटमध्ये जाते. रेडिएटर ती बाहेर उधळून टाकतो. हीटर त्यातलीच थोडी आत वळवतो. म्हणून एसी पेट्रोल खातो आणि हीटरला लागते ती जवळजवळ पंख्यापुरतीच वीज. घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला आणि थांबायला जागा नसली, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडतात तो यामुळेच. इंजिनाला जास्तीचा रेडिएटर मिळतो. मे महिन्यात कसारा घाटात हा प्रयोग केला की इंजिन वाचतं आणि प्रवासी उकडून निघतात.

पायाशी निखारे

सुरुवातीच्या मोटारींत हीटर नव्हताच. लोक तापवलेले दगड किंवा कोळशाची बंद पेटी पायाशी ठेवून निघत. शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स यांना 1893 मध्ये हीटरचं पेटंट मिळालं आणि 'मोटारीच्या हीटरची जननी' म्हणून त्यांचं नाव सगळीकडे फिरतं. पण तो हीटर रेल्वेच्या डब्यासाठीचा होता. (कपडे आणि भांडी एकाच यंत्रात धुण्याची कल्पनाही याच बाईंची. ती का चालली नसावी, हे सांगायला नको.) पुढे स्ट्युअर्ट-वॉर्नर कंपनीचा 'साउथ विंड' हीटर आला. तो गाडीच्या आत चक्क पेट्रोल जाळायचा, आणि लोक तो हौसेने बसवून घेत. 1938 मध्ये नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा कूलंटच्या उष्णतेवर तापवून आत सोडली. आजची पद्धत साधारण तीच.

थंडीच्या देशात हीटरचे पैसे वेगळे

1959 ची मिनी आणि 1962 ची एमजीबी या खास ब्रिटिश गाड्या. तिथल्या हवेची कीर्ती जगभर. तरी हीटर हवा असेल तर जादा पैसे मोजा!

फोक्सवॅगन बीटलची तऱ्हा न्यारी. इंजिन हवेनेच थंड होणारं, त्यामुळे कूलंट नाही, हीटर कोअर नाही आणि गळतीही नाही. ऊब एक्झॉस्टभोवतीच्या पेट्यांतून यायची. त्या पेट्या गंजल्या की उबेबरोबर धूरही आत. मला विचाराल तर त्यापेक्षा ओलं कार्पेट परवडलं.

गोड विष

कूलंट म्हणून नुसतं पाणी घातलं, तर ते गोठल्यावर फुगतं आणि इंजिनाला तडा पाडतं. म्हणून त्यात पूर्वी अल्कोहोल मिसळत, पण ते उडून जायचं. काहींनी मध-साखरही घालून पाहिली. 1927 मध्ये अमेरिकेत 'प्रेस्टोन' या नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं आणि प्रश्न सुटला. याची एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी: शुद्ध ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपासच गोठतं, पण निम्मं पाणी घातलं की मिश्रण उणे 37 पर्यंत तग धरतं. पाणी न घालता ओतणारा 'जास्त चांगलं' समजून वाईटच करतो.

गाडीतला गोडसर वास याचाच. चवही गोड, आणि ते मूत्रपिंडं निकामी करतं. त्यावरचा एक जुना उतारा म्हणजे दारू! यकृत आधी दारू पचवण्यात गुंततं, तोवर ग्लायकॉलचं घातक रसायनांत रूपांतर लांबतं. (हा उतारा इस्पितळात, डॉक्टरांच्या हातून, घरी उत्साह नको.) कुणी चुकून पिऊ नये म्हणून अमेरिकेत त्यात डेनाटोनियम हे जहाल कडू रसायन घालू लागले. ते 1958 मध्ये स्कॉटलंडमध्ये भूल देणाऱ्या औषधांवर काम करताना सापडलं.

आता हळदीकडे

रेडिएटर गळायला लागला की आपल्याकडचे जुने जीपवाले-ट्रकवाले त्यात मूठभर हळद टाकत. पूड फुगते, बारीक भोकात जाऊन बसते, पुढचं गाव गाठता येतं. अमेरिकन शेतकरी मिरपूड टाकायचा, कुणी कच्चं अंडं फोडायचा. हसू नका. कॅडिलॅकच्या काही इंजिनांत कंपनीच गळती रोखणाऱ्या गोळ्या घालायची आणि त्या गोळ्यांत असायची आल्याची पूड. हळद आणि आलं एकाच कुळातली! तेव्हा ट्रकवाल्याचा जुगाड आणि डेट्रॉइटचं इंजिनिअरिंग नात्यातलेच निघाले.

मात्र हीटर कोअरच्या नळ्या फार अरुंद. रेडिएटरला दिलेलं औषध आधी तिथे तुंबतं. गळती थांबते आणि ऊबही. उपाय आणीबाणीपुरता, कायमचा नव्हे.

डॅशबोर्डची शस्त्रक्रिया

'कारखान्यात आधी हीटर टांगतात, मग त्याभोवती गाडी बांधतात' हा विनोद मेकॅनिक मंडळींत फार जुना. व्हॉल्व्हो 240 (1974 ते 1993) वाल्यांना तो विशेष भावतो. जुन्या अमेरिकन पिकअपमध्ये काम पटकन होतं, पण जीप चेरोकी किंवा 1979 ते 1993 मधली मस्टँग असेल तर डॅशबोर्ड खोलणं आलं. स्टिअरिंगचा दांडा खाली सोडा, वायरिंगचे फोटो काढून ठेवा, स्क्रू वाट्यांत वेगवेगळे ठेवा. एसीची कॉइल त्याच पेटीत असते, म्हणून आधी गॅस नीट काढून घ्यावा लागतो. पार्ट स्वस्त, मजुरी दिवसभराची.

कोअरला जोडलेला जुना रबरी होज ओढून काढू नका, पिळू तर मुळीच नका. ब्लेडने उभा चिरा. तोंडाची नळी डाखाची असते, जोर लावला की तुटते. आत शिरलाच आहात तर फोमच्या पट्ट्याही बदला. शेवटी कूलंटमधली हवा नीट काढा, नाहीतर डॅशमागे गुडगुड ऐकू येत राहील.

बाहेरच्या बाहेर दोन होज जोडून कोअर वगळताही येतो. मुंबईत चालून जाईल. मिनेसोटात काचेवर हिम गोठेल. अमेरिकेत काच साफ ठेवणारी यंत्रणा 1968 पासून कायद्यानेच सक्तीची आहे. तिकडे शिकायला जाऊन पहिली जुनी गाडी घेणाऱ्या आपल्या मुलांनी सौद्याआधी हीटर चालू करून वास घ्यावा.

इथे कार्पेट ओलं झालं तर लगेच घाबरू नका. पाणी स्वच्छ, बिनवासाचं असेल तर एसीचा ड्रेन तुंबलाय. रंगीत, चिकट, गोडसर असेल तर कोअर. आणि काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका, गटारात ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याच्या हवाली करा. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.