हापूसचा मोहोर आणि संप्रेरकाची मात्रा

रत्नागिरी हापूसची पहिली पेटी बाजारांत आली कीं शहरांत घरोघरीं तिच्या भावाची चर्चा सुरू होते. हें फळ लवकर आलें तें केवळ हवेच्या कृपेनें, असें मात्र नेहमींच नसतें. पुष्कळदां मागल्या पावसाळ्यांत कलमाच्या बुंध्याभोवतीं घातलेल्या औषधाचाही त्यांत वाटा असतो. बागायतदार त्यास ‘कल्टार’ म्हणतात. त्यांतील मुख्य द्रव्याचें शास्त्रीय नांव पॅक्लोब्युट्राझॉल. त्याचें माप कसें ठरतें हें समजून घेण्याजोगें आहे. कारण मापांतील चूक एका हंगामांत निस्तरत नाहीं.

प्राण्यांप्रमाणें वनस्पतींतही अत्यल्प प्रमाणांत वावरणारीं संप्रेरकें असतात. त्यांपैकीं जिबरेलिनचा शोध भाताच्या एका रोगामुळें लागला. त्या रोगानें रोपें भलतींच उंच वाढून कोलमडत. ही वाढ एका बुरशीच्या स्रावानें होते, असें कुरोसावा या जपानी संशोधकानें १९२६ सालीं दाखविलें. पुढें तें द्रव्य निरोगी झाडांतही असल्याचें आढळलें. आंब्याच्या फांदींत जिबरेलिन भरपूर असलें कीं तिचा कल पालवीकडे राहतो. तें कमी झालें कीं मोहोराकडे वळतो. हापूस तर मुळांतच एका वर्षाआड फळणारा. कल्टार हें स्वतः संप्रेरक नव्हे. तें झाडांत जिबरेलिन तयार होण्याची क्रिया रोखून धरतें. पालवीचा जोर ओसरतो आणि मोहोर लवकर व बहुधा दरवर्षीं येतो.

आतां मात्रेचा विचार. रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली येथें १९७२ सालीं कोंकण कृषि विद्यापीठ स्थापन झालें. त्याच्या शिफारशीप्रमाणें मात्रा झाडाच्या विस्तारावरून ठरते. पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर असा दोन्ही बाजूंनीं विस्तार मोजून सरासरी काढावयाची आणि दर मीटरास पाऊण ग्रॅम मुख्य द्रव्य, म्हणजे बाजारांतील २५ टक्के औषध ३ मिलिलिटर, घ्यावयाचें. विस्तार ८ मीटर असेल तर २४ मिलिलिटर पुरे. एवढें औषध कांहीं लिटर पाण्यांत मिसळून बुंध्याभोवतीं गोलाकार पाडलेल्या उथळ छिद्रांत सारखें वांटून ओततात. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. त्या वेळीं जमीन ओली असते. मुळें औषध शोषून घेतात आणि तें रसाबरोबर शेंड्यांपर्यंत पोंचतें.

मनुष्याच्या वैद्यकांतही याच्याशीं जुळणारी एक पद्धति आहे. १९३८ सालीं लंडन येथें डॉ. बिशप यांनीं बीजकोश काढून टाकलेल्या एका स्त्रीच्या कातडीखालीं संप्रेरकाची गोळी बसविली. अशी गोळी पृष्ठभागावरून हळूहळू विरघळत कित्येक महिने काम करते. रोज औषध घेण्याची यातायात वांचते. परंतु रोजची पुडी सोसली नाहीं तर उद्यांपासून बंद करतां येते; आंत ठेवलेली गोळी तितक्या सहज परत घेतां येत नाहीं. म्हणून तिची मात्रा आधींच नीट ठरवावी लागते.

कल्टारचेंही तसेंच आहे. तें जमिनींत महिनोन् महिने टिकतें. गतवर्षींचा अंश शिल्लक असतांना, अधिक मोहोराच्या आशेनें मात्रा वाढविली, तर फांदीचीं पेरें आंखूड होतात, पालवी खुरटते आणि मोहोराचे तुरे आंखडून दाट गुच्छासारखे होतात. शिवाय दरवर्षीं फळणाऱ्या झाडास खतही अधिक लागतें. तें न मिळाल्यास झाड खंगत जातें. खरी अडचण येथेंच आहे. बाग हंगामापुरती कराराने दिली कीं घेणाऱ्याची दृष्टि यंदाच्या पेट्यांवर असते. पण कलम कित्येक दशकें जगावयाचें असतें. करार करतांना औषध किती घालावयाचें आणि खत कोणी द्यावयाचें, हें मालकानें स्पष्ट ठरवून घेतलें, प्रत्येक झाडाच्या विस्ताराची व घातलेल्या मात्रेची वर्षवार नोंद ठेवली आणि कोंवळ्या वा रोगट झाडांस हें औषध वर्ज्य मानलें, तर लवकर येणाऱ्या मोहोराचा लाभ झाडाच्या आयुष्यास धक्का न लावतां घेतां येईल.