यंत्राच्या पोटांतील आंकडे

ज्या घरांत मुलगा अगर मुलगी अभियांत्रिकी शिकत आहे, त्या घरांतील वडील मंडळींस संगणकाच्या पडद्यावर केव्हां ना केव्हां एक विलक्षण कोष्टक दिसतें. ‘३ए ०० २० ४७’ अशा ओळींमागून ओळी; शब्द नाहीं कीं चित्र नाहीं. ‘हें काय?’ म्हणून पुसावें, तर ‘मेमरी पाहतोंय’ एवढेंच उत्तर मिळतें. उत्तर खरें आहे. परंतु त्यांत पाहावयाचें काय असतें, तें थोडें उलगडून सांगतों.

इंटेल कंपनीनें १९७६ सालीं काढलेला ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या पिढ्यानपिढ्यांचा पहिला गुरु. याच्या स्मृतींत ६५,५३६ घरें. प्रत्येक घरांत ० पासून २५५ पर्यंतचा एकच अंक मावतो. ‘किट’ या नांवाच्या उघड्या पाटीवर तो बसविलेला असतो. पाटीवर थोड्या कळा आणि सहा अंक उमटण्याची सोय: चार अंक घराच्या पत्त्याचे, दोन त्या घरांतील मजकुराचे. एका वेळीं एकच घर दिसतें. पुढचें पाहावयाचें तर पुन्हा कळ दाबावी. वीज गेली कीं बहुधा लिहिलेलें सारें पुसलें जातें, आणि पावसाळ्यांतील विजेची कथा रायगडच्या किनाऱ्यावरील वाचकांस सांगावयास नको.

एम्युलेटर म्हणजे या मायक्रोप्रोसेसरचें हुबेहूब सोंग वठविणारा प्रोग्रॅम. ‘जीएनयूसिम८०८५’सारखे कांहीं तर फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. या जिल्ह्यांत लोणेरे येथें १९८९ सालीं स्थापन झालेलें डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. शिवाय किनाऱ्यावरचीं किती तरी मुलें पनवेल-मुंबईकडे शिकावयास जातात. २०२० सालीं साथीमुळें प्रयोगशाळांस कुलुपें लागलीं, तेव्हां किट तेथें आणि विद्यार्थी घरीं अशी स्थिति झाली. त्यांतच ३ जून रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें, आणि पुष्कळ गांवांत कित्येक दिवस दिवा लागला नाहीं. अशा वेळीं पाठींत बांधून नेतां येईल अशी प्रयोगशाळा किती मोलाची, हें उघड आहे.

आतां त्या कोष्टकाकडे वळूं. आंकडे षोडशमान पद्धतीचे असतात. नवाच्या पुढें ए, बी, सी करीत एफपर्यंत जावयाचें. १९५७ पूर्वींचा रुपये-आण्यांचा हिशेब ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें अवघड नाहीं. ४७ म्हणजे चार रुपये सात आणे. त्याचे आणे करा, ७१ होतात. झालें!

दोन संख्यांची बेरीज करणारा छोटा प्रोग्रॅम स्मृतींत असा दिसतो: ३ए ०० २०, ४७, ३ए ०१ २०, ८०, ३२ ०२ २०, ७६. अर्थ असा: २००० या घरांतील संख्या घे, बाजूस ठेव, २००१ मधील घे, दोन्ही मिळव, उत्तर २००२ मध्यें ठेव, थांब. पत्ता २०००, पण लिहिला आहे ‘०० २०’, म्हणजे लहान भाग आधीं. विद्यार्थी येथें हटकून गोंधळतात. वस्तुतः आपण ‘एकवीस’, ‘पस्तीस’ म्हणतांना एकं आधीं आणि दहं मागून घेतोंच. आपले ज्योतिषग्रंथकारही शब्दांनीं संख्या सांगतांना एकंपासूनच आरंभ करीत.

खरी गंमत त्या ४७ ची आहे. येथें तो आज्ञा आहे: ‘बाजूस ठेव’. तोच आंकडा दुसऱ्या घरांत असता तर ७१ ही संख्या झाला असता. तिसरीकडे इंग्रजी लिपींतील ‘जी’ हें अक्षर. घरावर पाटी नसते. आंकडा कोणता अर्थ घेऊन बसला आहे, तें आपण कोणत्या वाटेनें त्याच्याकडे आलों यावर ठरतें. एफएफ २५५ असेल किंवा उणें एकही असेल. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेंत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत आल्या आहेत. आतां तीं मापें अंकरूपानें यंत्रांत जातात. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेस झुकली तर धन, पश्चिमेस झुकली तर ऋण! असलें माप वाचणाऱ्यानें धन-ऋणाची खूणच विसरली तर दिशाच उलटावयाची.

आतां २००० मध्यें २०० आणि २००१ मध्यें १०० ठेवा. प्रोग्रॅम चालवा, २००२ मध्यें ३०० दिसत नाहींत, ४४ दिसतात! घर २५५ पर्यंतच, वरचें ओसंडलें. किटवर केवळ उत्तर उतरून घेणारा विद्यार्थी ४४ लिहून मोकळा होतो. एम्युलेटरमध्यें एकेक आज्ञा थांबत थांबत चालवितां येते, आणि बेरजेच्या क्षणींच ‘हातचा’ दाखविणारें निशाण उठलेलें शेजारीं दिसतें. ही बाब पोरखेळ नव्हे. ४ जून १९९६ रोजीं युरोपचें एरियन-५ हें अग्निबाण सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झालें, तें एक मोठी संख्या सोळा बिटांच्या घरांत मावली नाहीं म्हणून.

तरीही सोंग तें सोंग. एक भेद मुलांस अवश्य दाखवावा. बहुतेक एम्युलेटर उघडले कीं रिकाम्या घरांत शून्यें असतात. खऱ्या किटमध्यें वीज लावल्यावर तेथें वाटेल तो कचरा असतो. बेरजेचें घर आधीं शून्य करण्याची आज्ञा राहून गेली, तर घरीं प्रोग्रॅम बिनचूक चालतो आणि परीक्षेच्या दिवशीं पाटीवर भलतेंच उत्तर येतें. यास उपाय सोपा आहे: एम्युलेटरमधील त्या घरांत आपल्या हातानें ४७, एफएफ असे कांहीं तरी भरावें, आणि मग प्रोग्रॅम चालवून पाहावा.