सोनेरी पूड, गॅरेज आणि दुखणे थोपवणारी वीज



लग्नपत्रिकेवरची सोनेरी अक्षरे, जुनाट पाठदुखीवर शरीरात बसवतात ते विजेचे छोटे यंत्र आणि नव्याने सुरू झालेला एखादा उद्योग, या तिघांचा एकमेकांशी काय संबंध? वरवर पाहता काहीच नाही. पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते. कोणीतरी एक साधा प्रश्न विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत तो सोडला नाही.

१८४० च्या सुमाराची गोष्ट. हेन्री बेसेमर या इंग्रज तरुणाला बहिणीच्या फुलांच्या चित्रांच्या वहीवर सोनेरी अक्षरे काढायची होती. त्यासाठी त्याने लंडनच्या दुकानातून पितळेची सोनेरी पूड आणली. भाव होता एका औंसाला सात शिलिंग, म्हणजे पौंडाला ११२ शिलिंग! आणि साधे पितळ तर एका शिलिंगपेक्षाही कमी पैशांत पौंडभर मिळत होते. मग पूड शंभरपटीहून महाग का? कारण ती जर्मनीत हाताने कुटून तयार होत असे. हे काम यंत्राने केले तर?

बेसेमरने यंत्र बनवले, पण त्यातून निघालेली पूड मळकट दिसू लागली. त्याने तो नाद सोडून दिला. काही काळाने त्याने दोन्ही पुडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तेव्हा उलगडा झाला. जर्मन पुडीचे कण सपाट पापुद्र्यांसारखे होते, त्याचे मात्र बारीक गुंडाळलेल्या दाण्यांसारखे. सपाट पापुद्रे कौलांसारखे एकमेकांवर पडून राहतात आणि छोट्या आरशांप्रमाणे प्रकाश परत पाठवतात. दाण्यांवरून प्रकाश वाटेल तसा विखुरतो, म्हणून चमक येत नाही. धातू तोच, फरक फक्त आकाराचा! आज मोटारींच्या चकाकत्या रंगात ॲल्युमिनियमचे पापुद्रे घालतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

त्याने सपाट कण देणारी यंत्रे आखली. पेटंट घ्यायचे तर सगळी कृती लिहून द्यावी लागते आणि ठराविक वर्षांनी ती सर्वांना खुली होते. म्हणून त्याने पेटंट न घेता गुपितच राखायचे ठरवले. यंत्रांचे भाग वेगवेगळ्या गावांतून करवून घेतले आणि कारखान्यात कामाला घेतले आपल्या तीन मेव्हण्यांना! हे गुपित सुमारे पस्तीस वर्षे टिकले. या पुडीच्या कमाईतूनच त्याने पुढचे प्रयोग केले आणि १८५६ मध्ये स्वस्त पोलाद करण्याची जगप्रसिद्ध पद्धत मांडली.

आता शंभर वर्षे पुढे आणि अमेरिकेत जाऊ. १९४९ मध्ये मिनियापोलिस शहरात अर्ल बाकेन यांनी एका गॅरेजमध्ये रुग्णालयांची यंत्रे दुरुस्त करण्याचे काम सुरू केले. भागीदार कोण? इथेही मेव्हणाच! पहिल्या महिन्याची कमाई झाली आठ डॉलर. या उद्योगाचे नाव मेडट्रॉनिक.

त्या काळी हृदयाचे ठोके नियमित ठेवणारे यंत्र, म्हणजे पेसमेकर, भिंतीतल्या विजेवर चाले. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज गेली आणि एका बालरुग्णाचा जीव गेला. शल्यविशारद डॉ. लिलेहाय यांनी बाकेन यांना विचारले, बॅटरीवर चालणारे काही करता येईल का? बाकेन यांना एका मासिकात छापलेली मेट्रोनोमची, म्हणजे संगीतात ताल मोजणाऱ्या यंत्राची, जोडणी आठवली. चार आठवड्यांत त्यांनी हातात मावेल एवढा पेसमेकर तयार केला.

हृदयाला विजेने ताल देता येतो, तर दुखणे थोपवता येईल का? १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी कल्पना मांडली, की मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक फाटक असते. कोपर आपटल्यावर आपण ते चोळतो आणि बरे वाटते ना? चोळण्याचा, स्पर्शाचा संदेश पोचला की फाटक थोडे बंद होते आणि वेदनेचा संदेश कमी पुढे जातो. याच कल्पनेवरून १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. नॉर्मन शीली यांनी एका रुग्णाच्या मज्जारज्जूपाशी विजेचे सौम्य झटके देणारे साधन बसवले. ते तयार करण्यात थॉमस मॉर्टिमर या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा मोठा वाटा होता. पुढे मेडट्रॉनिकने अशी यंत्रे बाजारात आणली. हा उपचार सगळ्यांनाच लागू पडतो असे नाही. म्हणून आधी काही दिवस तात्पुरती तार बसवून पाहतात आणि फरक पडला तरच कायमचे यंत्र बसवतात.

पालकहो, आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गायकवाडी राज्यात नोकरीसाठी बडोद्यास आले. त्यामुळे धंदा हे आपले काम नव्हे, असे घरोघरी सहज बोलले जाते. पण याच बडोद्यात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या काळात कलाभवन सुरू झाले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी तिथे विज्ञान व उद्योग यांची सांगड घातली. १९०७ मध्ये अलेम्बिक ही रसायनांची कंपनी उभी राहिली, तेव्हा गज्जर आणि अमीन यांच्याबरोबर कोटिभास्कर हे मराठी नावही संस्थापकांत होते.

उद्योग म्हणजे जुगार नव्हे. बेसेमरने आधी फसलेला प्रयोग तपासला, बाकेन यांनी आधी दुरुस्तीची कामे केली. म्हणून मुलाने बंद पडलेला रेडिओ उघडला तर लगेच रागावू नका. वीज काढली आहे ना, एवढे बघा आणि त्याच्या शेजारी बसा. विश्वस्त मंडळींनाही विनंती, की शाळेत एका टेबलावर मोडक्या वस्तू, पक्कड, पेचकस आणि एक सूक्ष्मदर्शक ठेवावा. फारसा खर्च येणार नाही.

आणि मित्रांनो, तुम्ही एवढेच करा. एखादी वस्तू एवढी महाग का, किंवा हे असे का होते, असा प्रश्न पडला तर तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. परीक्षेत येणार नसला तरी!