मेडलवाले सर की सर्टिफिकेटवाले सर?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं किंवा ज्यांचा डेटा पॅक दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. मधले 'म्हणजे', 'अं' आणि माझा खोकला काढलाय, बाकी बोललो तसंच आहे.

रिसोडकडच्या एका श्रोत्याचा मेसेज आला होता. "भाऊ, लहान भावाला कुस्ती लावायची आहे. एक सर नॅशनलला मेडल मारून आलेत, पण कोचिंगचा कोर्स काही केला नाही. दुसऱ्या सरांनी एनआयएसचा कोर्स केलाय, पण त्यांचं मोठं मेडल नाही. कुठं पाठवू?"

प्रश्न साधा वाटतो, पण घरातले महिन्याची फी भरणार आणि पोराची पाच-सात वर्षं जाणार. शिवाय गुडघे त्याचेच. म्हणून जरा खोलात जाऊ.

यावर मला सापडलेलं सगळ्यात स्पष्ट उत्तर कुस्तीतलं नाही, स्कीइंगमधलं आहे. हो, बर्फावरचं स्कीइंग. आपल्या वाशिम जिल्ह्यात बर्फ म्हटला की रसवंती आठवते, पण दोन मिनिटं ऐका.

फ्रान्समध्ये पैसे घेऊन स्कीइंग शिकवायचं तर सरकारमान्य डिप्लोमा लागतो. तो नसताना शिकवलं तर कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आणि १५,००० युरोपर्यंत दंड आहे. या डिप्लोमाच्या वाटेत 'युरोटेस्ट' नावाची एक परीक्षा येते. उतारावर खुणेचे झेंडे लावलेले असतात, त्यांच्यामधून वळणं घेत खाली यायचं, घड्याळ लावून. आधी एक ठरलेला स्कीअर उतरतो आणि त्याच्या वेळेवरून एक प्रमाण वेळ काढतात. पुरुषांनी त्या वेळेच्या वर १८ टक्क्यांच्या आत, महिलांनी २४ टक्क्यांच्या आत खाली पोचायचं. भलेभले इथं अडकतात.

आता जो माणूस आंतरराष्ट्रीय शर्यती पळतो, त्याची ही परीक्षा घेण्यात काय अर्थ? म्हणून त्याच्या शर्यतींतले गुण ठरलेल्या पातळीचे असले, तर त्याला युरोटेस्टमधून सूट मिळते. पण सूट मिळते ती फक्त घड्याळाच्या परीक्षेतून. शिकवायचं कसं, पहिल्यांदा बर्फावर उभ्या राहिलेल्या सात वर्षांच्या पोराला थांबायला कसं शिकवायचं, हिमस्खलनाचा धोका कसा ओळखायचा, कोणी गाडलं गेलं तर शोधायचं कसं, हे त्यालाही करावंच लागतं.

मला हे फार पटलं. तुला खेळता येतं हे तू सिद्ध केलंयस, ते पुन्हा विचारणार नाही. शिकवता येतं हे अजून सिद्ध व्हायचंय. दोन वेगळी खाती. आपण मात्र एका खात्यातली शिल्लक बघून दुसऱ्या खात्याचा चेक वटवतो.

ही खाती वेगळी का, ते सायकलवर कळतं. तुम्हाला सायकल येते ना? मग सांगा, वेगात असताना उजवीकडे वळायला हँडल आधी कुठं फिरवता? बहुतेक जण म्हणतील उजवीकडे. प्रत्यक्षात हँडल आधी किंचित डावीकडे जातं, त्यानं सायकल उजवीकडे झुकते आणि मग वळते. आपण हे रोज करतो, पण आपल्याला माहीतच नसतं. शरीराला जे येतं, ते तोंडाला सांगता येईलच असं नाही. खेळाडू जितका मोठा, तितकं त्याचं कौशल्य आपोआप चालणारं. मग पोरानं विचारलं, "सर, हा डाव कसा लागतो?" तर उत्तर येतं, "अरे, असा!" आणि पोरगं मॅटवर आडवं. (आमच्या ऑफिसातले सीनियरही कोड असाच समजावतात. 'हे तर सोपंय' म्हणतात आणि चहाला जातात.)

याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण तुमच्या तोंडावर असेलच. रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, १९६३-६४ च्या मोसमात. पण शिवाजी पार्कवर त्यांनी घडवलेल्या मुलांत सचिन तेंडुलकर आहे, विनोद कांबळी आहे. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायची त्यांची युक्ती प्रसिद्धच आहे. जो बोलर सचिनला आऊट करेल त्याला नाणं, कोणीच करू शकलं नाही तर सचिनला. दमलेल्या पोराचं लक्ष शेवटच्या बॉलपर्यंत टिकवायचं कसं, याचं ते उत्तर होतं. हे शिकवण्याचं कौशल्य आहे, आणि ते स्कोअरबोर्डवर दिसत नाही.

पण लगेच 'मोठा खेळाडू म्हणजे वाईट कोच' असं धरू नका. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं. त्याच्या कोच दीपाली देशपांडे स्वतः त्याच प्रकारात २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला खेळलेल्या. फायनलच्या दडपणात हात थरथरतो तेव्हा डोक्यात काय चालतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नाही. हे फक्त खेळलेलाच माणूस देऊ शकतो.

फुटबॉलमध्ये तर पिर्लोलाही सूट मिळाली नाही. २००६ चा वर्ल्डकप जिंकलेला हा माणूस २०२० च्या ऑगस्टमध्ये युव्हेंटसचा कोच झाला आणि सप्टेंबरमध्ये, लीग सुरू व्हायच्या आधी, युएफा प्रो लायसन्ससाठी प्रबंध घेऊन परीक्षकांसमोर बसला.

आपल्याकडे काय आहे? पतियाळाला १९६१ साली राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली, तीच आपली एनआयएस. तिथं कोचिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही. म्हणून 'एनआयएस केलंय' असं कोणी सांगितलं तर विचारा, कुठला? दोन्हींत फार फरक आहे आणि बॅनरवर दोन्ही सारखेच दिसतात. दुसरीकडे खेलो इंडिया केंद्रांची योजना माजी खेळाडूंनाच पुढं करते. देशाकडून खेळलेला आधी, मग राष्ट्रीय पदकवाला, असा क्रम. गावात राहिलेल्या खेळाडूला मानाचं काम मिळतं, हे चांगलंच आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या पैशाबरोबर शिकवण्याचं प्रशिक्षणही सक्तीचं असावं.

कारण खरा धोका तंत्र चुकण्याचा नाही, जिवाचा आहे. कुस्तीत गटात बसायला वजन कमी करतात. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना गेले. रबरी सूट घालून, गरम खोलीत व्यायाम करून, पाणी तोडून. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट बंद झाले आणि वजन घेण्याची वेळ सामन्याच्या जवळ आणली गेली. आता जो पैलवान स्वतः तसंच वजन उतरवून जिंकलाय, तो शिष्याला काय सांगणार? "मी केलं, मला काही झालं नाही." अनुभवाची हीच अडचण आहे. तो एकाच शरीराचा असतो, आणि तेही वाचलेल्या शरीराचा.

हेच पोलीस भरतीच्या अकादम्यांना लागू. १६०० मीटरला २० मार्क आहेत, म्हणून पोरं जीव तोडून पळतात. विदर्भातला एप्रिल-मे, ऊन ४० च्या वर, आणि सर म्हणतात पाणी पिऊ नको, सवय होईल. अशी सवय होत नसते. उन्हानं पोरगं बरळायला लागलं किंवा कोसळलं, तर ॲम्ब्युलन्सला फोन करा आणि ती येईपर्यंत हातावर हात ठेवून थांबू नका. जिथं आहे तिथंच अंगावर थंड पाणी ओता, टाकी असेल तर डोकं वर धरून त्यात बसवा. चांगल्या कोचिंग कोर्समध्ये हे शिकवतात. मेडलच्या पाठीमागे हे लिहिलेलं नसतं.

सर्टिफिकेटलाही डोक्यावर घेऊ नका. माझ्याकडे बीटेकची डिग्री आहे, आणि कामाला लागल्यावर पहिले सहा महिने मी काय कोड लिहिला ते मलाच माहीत. कागद एवढंच सांगतो की या माणसाला काही गोष्टी एकदा तरी सांगितल्या गेल्यात.

तर रिसोडच्या भाऊ, दोन्ही ठिकाणी एकेक संध्याकाळ कडेला बसून बघा. चॅम्पियन पोराकडे बघू नका, सगळ्यात कच्च्या पोराकडे बघा. सर त्याच्याशी काय बोलतात? दहा वर्षांच्याला आणि वीस वर्षांच्याला एकसारखा व्यायाम देतात का? कोणाला लागलं तर पहिलं काय करतात? मागच्या वर्षी किती पोरं सोडून गेली आणि का, हे पालकांना विचारा. मेडलवाले सर यात बसले तर बिनधास्त पाठवा, आणि ओळख झाली की हळूच सुचवा, "सर, सुट्टीत तो सहा आठवड्यांचा कोर्स करून टाका ना." खेळाडूला परीक्षा नवी नसते. राग आला तरी एखाद दिवस टिकेल.