अगोचराचे चित्रण आणि तुटपुंजे भांडवल (लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याच्या विश्वभयाच्या कथांचे मर्म आपण पाहिले : मनुष्याविषयी ज्यांना द्वेषही नाही आणि ममताही नाही, अशा अफाट शक्तींच्या शेजारी आपण अजाणता नांदत आहोत, हे उमगणे हीच तेथील आपत्ती. आता प्रश्न असा की, लेखक ज्या वस्तूला अवर्णनीय म्हणून मोकळा होतो, ती वस्तू, काही ना काही दाखवल्यावाचून ज्याला गत्यंतरच नाही अशा कॅमेऱ्याने, आणि तेही तुटपुंज्या भांडवलावर, दाखवावी कशी?

माझे मत असे की, येथे दारिद्र्य हे बहुधा साहाय्यकच ठरते. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका कथेत उल्केबरोबर असा रंग पृथ्वीवर येतो, की जो आपल्या वर्णपटात कोठेच बसत नाही. २०१९ साली निकोलस केजला घेऊन निघालेल्या रंगीत चित्रपटात तो जांभळट-गुलाबी दिसतो, आणि कितीही झगमगला तरी आपल्या ओळखीचाच राहतो. परंतु हुआन व्हू याने २०१० साली जर्मनीत याच कथेवर 'डी फार्बे' काढला, तेव्हा सबंध चित्रपट कृष्णधवल ठेवून त्या एकाच वस्तूला रंग दिला, आणि ज्या जगात रंगच नाही तेथे रंग उमटणे म्हणजे काय, हे प्रेक्षकाला एका शब्दाच्याही खुलाशावाचून कळले. २००५ सालच्या 'द कॉल ऑफ कथुलू'च्या कर्त्यांनीही हेच धोरण पत्करले. लव्हक्राफ्टची मूळ कथा १९२८ साली छापली गेली, म्हणून चित्रपटही जणू त्याच काळातला मूकपट असावा तसा त्यांनी रचला, आणि त्या चौकटीत हाताने इंच-इंच हलवलेला राक्षसाचा पुतळा उणा न वाटता त्या काळाचाच वाटू लागला.

आपल्याकडे या साहित्याची वहिवाट नारायण धारप (१९२५–२००८) यांनी पाडली. स्टीफन किंगच्या 'ग्रामा' या कथेवरून त्यांनी 'आजी' लिहिली. ती कथा राही अनिल बर्वे यांनी मित्राच्या तोंडून ऐकली, आणि तिच्यातून पुढे 'तुंबाड' (२०१८) हा चित्रपट उभा राहिला. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीकडून आले, भाषा मात्र हिंदी झाली, याची खंत मराठी माणसाला वाटावी. त्यातील विहिरीच्या तळाचा प्रसंग पाहावा : दोरावरून उतरलेला नायक विनायक पिठाचे रिंगण आखतो आणि कणकेची बाहुली पुढे करतो. देवांनी वाळीत टाकलेल्या, धान्याला पारख्या झालेल्या हस्तरसमोर घरच्या पिठाखेरीज दुसरी ढालच नाही. या सामग्रीला किती खर्च येतो? जो पाऊस त्या चित्रपटात अखंड कोसळतो, त्यासाठी मात्र निर्मात्यांनी एकामागून एक पावसाळे थांबण्याची तजवीज केली.

हे सारे वसई-विरारच्या तरुणांसाठी सांगण्याचे कारण असे की, आपल्या वसईच्या किल्ल्यात चित्रीकरणाचे ताफे वारंवार येतात, पण ते गाण्यासाठी वा मारामारीसाठी. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजीअप्पांनी किल्ला सर करीपर्यंत, येथे पोर्तुगीज अंमल होता. पोर्तुगीजांच्या चर्चांची छपरे गेली असली तरी भिंती आणि कमानी उभ्या आहेत. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये पायाखाली थडग्यांच्या शिळा आहेत आणि वर नजर टाकावी तर उघडे आकाश. विश्वभयाच्या कथेला खाली मनुष्याचे संपलेले दफ्तर आणि वर अमर्याद पोकळी, याहून अधिक काय हवे? मात्र तेथे पाद्र्याचे भूत उभे करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्या श्रद्धेचे लोक आजही आपले शेजारी आहेत, त्यांच्या देवस्थानाचा बुजगावण्यासारखा उपयोग करणे अनुचित होय. आणि या कथाप्रकाराला तर कोणत्याच धर्माच्या भुताची गरज नाही, हाच त्याचा मोठा लाभ.

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्याने चित्रीकरणाचा परवाना रीतसर घ्यावा लागतो. तो खर्च ज्यांना झेपत नसेल, त्यांनी नायगावकडची मिठागरे संधिप्रकाशात पाहावी : सपाट पाणी, दूरवर मिठाच्या पांढऱ्या राशी आणि माणसाच्या उंचीचे माप लागेल असे काहीही नाही. आकार हरवलेल्या अशा जागी भीतीची खरी भिस्त आवाजावर असते, आणि त्याचा विचार पुढील लेखांकात करू.