"पिल्लू परत येत नाही": शेल्टरच्या इंटरव्ह्यूत चुकीबद्दल काय सांगायचं?

आज इंटरव्ह्यूतल्या एकाच प्रश्नाबद्दल बोलूया. "कामात काही बिघडलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

मी बीटेक केलेला, आयटीत नोकरी करणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी प्राण्यांच्या एका शेल्टरमध्ये मदतीला जायचो. तिथे शनिवार-रविवारची पगारी जागा निघाली, म्हणून अर्ज केला. समोर तिथल्या डॉक्टर मॅडम. हा प्रश्न आला आणि मी पाठ केलेलं उत्तर दिलं: रिलीजच्या रात्री सर्व्हर पडला, मी पहाटेपर्यंत जागलो वगैरे.

मॅडम म्हणाल्या, "सर्व्हर परत चालू होतो. पिल्लू परत येत नाही. इथलं काहीतरी सांगा."

मग खरं सांगितलं. एका गर्दीच्या रविवारी रस्त्यावरून आणलेलं पिल्लू मी वेगळं न ठेवता बाकीच्यांत सोडलं होतं. दिसायला ठणठणीत होतं ना! पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब. पार्व्हो. तीन पिल्लं गेली.

इथे थोडं समजून घ्या. पार्व्होचा विषाणू लक्षणं दिसायच्या आधीपासून शीतून पसरू शकतो, आणि लक्षणं दिसायला १४ दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणून नवीन पिल्लू तितके दिवस वेगळं ठेवायचं. साध्या फिनाइलवर भरवसा ठेवायचा नाही. पिंजरा आधी साबणाने स्वच्छ धुवायचा, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी लावून १० मिनिटं ओला ठेवायचा. हे सगळं मी नंतर शिकलो. मग दारावर यादी लावली: नवीन पिल्लू कधी आलं, लस झाली का, वेगळं कधीपर्यंत. यादी भरल्याशिवाय आत सोडायचं नाही.

मॅडमनी पुढे विचारलं, "दुसऱ्या दिवशी आलात?"

"नाही. दोन आठवडे आलोच नाही. फोनही उचलला नाही. मग तिथल्या काकांना सगळं सांगितलं आणि परत यायला लागलो."

वाटलं, गेली नोकरी. पण त्या म्हणाल्या, "काम येत नाही म्हणून कुणी जात नाही हो इथून. सोसत नाही म्हणून जातात."

तेव्हा कळलं, त्यांना काय बघायचं होतं. तुम्ही अशी तयारी करत असाल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, चूक सरळ सांगा. "गर्दी होती", "कुणी सांगितलं नाही" यामागे लपू नका. दोन, त्या वेळी लगेच काय केलंत ते सांगा. तीन, पुन्हा तसं होऊ नये म्हणून कामाच्या पद्धतीत काय बदललं ते सांगा. "आता मी जास्त काळजी घेतो" हे उत्तर नाही, दारावरची यादी हे उत्तर आहे. चार, त्रास झाला तर झाला म्हणा, आणि त्यातून परत कसे आलात तेही सांगा. "मला काही वाटत नाही" म्हणणाऱ्याच्या हाती कोण पिल्लू देईल?

आणि हो, "माझं प्राण्यांवर खूप प्रेम आहे" एवढ्यावर थांबू नका. ते तिथे आलेला प्रत्येकजण म्हणतो.

जागा मिळाली. पहिल्या दिवशीचं पहिलं काम? ती यादी भरणं.

चला, भेटूया पुढच्या भागात!