पिकअप गाडीचें बळ वाढविण्यापूर्वीं

आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानांतील ज्वारी एके काळीं बैलगाड्यांनीं पेठेस जात असे. आतां ज्वारी असो वा डाळिंब, पिकअप गाडी दाराशीं उभी असते व सोलापूरची सुमारें ५५ किलोमीटरची वाट पहाटेसच संपते. गाडीचे हप्ते फेडणाऱ्यास एका खेपेंत चार क्विंटल अधिक नेण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. अशा वेळीं एखादा कारागीर ‘इंजिनाचें बळ चौथाईनें वाढवून देतों, डिझेल तेवढेंच लागेल’ असें सांगतो. या बोलण्यांत खरें किती, हें वाचकांनीं पाहावें.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा दाबल्यानें तापते, तींत डिझेलचा फवारा सुटतो आणि तें पेटतें. फवारा मोठा केला कीं बळ वाढतें. जुन्या गाडींत त्याकरितां पंपाचा स्क्रू फिरवीत. नव्या गाडींत संगणकांतील आंकडे बदलतात. बळ वाढतें हें खोटें नव्हे. चढावर गिअर कमी वेळां बदलावा लागतो, हें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे. परंतु तें येतें कोठून? वाईट डिझेल, धुळीनें भरलेला एअर फिल्टर, वैशाखाचें ऊन व नवशिका चालक यांकरितां कारखानदारानें जी शिल्लक राखून ठेवलेली असते, तीच कारागीर आपणांस विकतो. डिझेलच्या मानानें हवा पुरली नाहीं कीं काळा धूर निघतो. त्यास कित्येक लोक बळाचें चिन्ह समजतात. वास्तविक तें आपण पैसे मोजून घेतलेलें व न जळलेलें डिझेल होय. शिवाय बाहेर पडणारा वायु अधिक तापून टर्बो, पिस्टन व हेड गॅस्केट यांचें आयुष्य घटतें. १ एप्रिल २०२० नंतरच्या नियमांच्या गाड्यांत काजळी अडविणारी जाळी असते, ती लवकर तुंबते. मग तीच काढून टाका असा दुसरा सल्ला मिळतो!

आमच्या घरच्या गाडीवर हा प्रयोग आम्हीं होऊं दिला, हें कबूल केलें पाहिजे. दोन महिने पुतण्या खूष होता. तिसऱ्या महिन्यांत डाळिंबें भरून जातांना वाटेंतच क्लच जळाला. दुसरी गाडी मिळून माल पोहोंचेपर्यंत सौदे आटोपले होते.

मुख्य गोष्ट अशी कीं, खिलारी बैल जुंपला म्हणून जुन्या गाडीचा आंस मजबूत होत नाहीं. इंजिन वाढलें तरी ब्रेक, पाटे, टायर व कणा पूर्वींचेच राहतात. ताशीं ६० किलोमीटर वेगाऐवजीं ८० नें गेल्यास ब्रेकवर पडणारें काम ९ चें १६ होतें. त्यांत ओझेंही वाढविलें तर काय होईल, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

आम्हीं सारी नोकरी फेरफाराच्या नोंदी लिहिण्यांत घालविली. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें कलम ५२ आम्हांस त्याच जातीचें वाटतें: कारखानदारानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. अधिक भाराबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनें २०,००० रुपये व वर दर जादा टनास २,००० रुपये दंड सांगितला आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी अशा बदलावर बोट ठेवते, तें वेगळेंच.

आमच्या गाडींत मूळचे आंकडे परत घालून घेतले आहेत. फिल्टर वेळेवर बदलतों, टायरांत हवा दर आठवड्यास पाहतों, फवारे तपासून घेतले. आणि माल जास्त असला तर पुतण्या दोन खेपा करतो.